तेलाच्या टेबलावरचं माहेर

आमच्या कारखान्यात माहेर म्हणजे एक खुर्ची. पाठ असलेली, बुडाखाली उशी बांधलेली, खिडकीजवळच्या तेलाच्या टेबलापाशी ठेवलेली. बाकी आम्ही सगळ्या बायका उभ्यानं काम करतो, कारण बसलेली बाई आळशी दिसते असं मालकाला वाटतं, आणि मालकाला जे वाटतं ते आमच्या पायांना भोगावं लागतं. पण जिला दिवस गेलेत ती खुर्चीवर बसणार, हे ठरलेलं. त्यात मालकाचंही काही चालत नाही.

आम्ही चपला करतो. प्लास्टिकच्या, पावसापाण्यात वापरायच्या, पायाला न टोचणाऱ्या. साच्यातून पट्टे निघतात ते कडक असतात. ते तेलाच्या ट्रेमध्ये भिजवायचे, हातानं चुरून चुरून मऊ करायचे आणि चिंधीनं पुसून पुढे द्यायचे. मग आमच्या टेबलावर ते सोल्युशननं तळाला चिकटवायचे. सोल्युशनचा वास असा की नवी बाई पहिल्या आठवड्यात निम्मा वेळ मोरीतच असते. तेलाला मात्र वास नाही, रंग नाही, चव असेल तर ती आम्ही घेतलेली नाही. उलट तेलाच्या टेबलावर चार महिने बसून उठलेल्या बाईचे हात लोण्यासारखे होतात. टाचेच्या भेगांना लावायला कित्येकजणी ते बाटलीत भरून घरी न्यायच्या. मीही नेलं आहे.

हे माहेर आक्कानं मिळवलेलं. आक्का आमच्यातली सगळ्यात जुनी, केस पिकले तरी काम सुटलं नाही अशी. फार वर्षांपूर्वी एक पोटुशी बाई सोल्युशनच्या वासानं चक्कर येऊन टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली आणि तिचं मूल गेलं. तेव्हा आक्कानं सगळ्या बायकांना घेऊन फाटकात ठाण मांडलं आणि मालकाकडून ही खुर्ची घेतली. आयुष्यभर मालकानं आमच्याकडून घेतलं, आम्ही त्याच्याकडून घेतलं ते एवढंच.

खुर्चीचा एक नियम आहे. दिवस गेल्याची गोष्ट आधी आक्काला सांगायची, नवऱ्याच्याही आधी. कारण कोरड्या उलट्या सुरू झाल्या की सोल्युशन सहन होत नाही, आणि त्या तर पहिल्या महिन्या-दीड महिन्यातच सुरू होतात. ज्याला वास त्याचा त्रास, ज्याला वास नाही ते निर्मळ, इतकं साधं आमचं शास्त्र. बाई कानाशी येऊन पुटपुटली की आक्का हातातलं काम खाली ठेवायची आणि म्हणायची, "माहेरी जा." मग सगळं टेबल हसायचं. आपण बाप होणार हे काही नवऱ्यांना फाटकावरच्या चहावाल्याकडून कळलेलं आहे.

धाकटी, म्हणजे माझी धाकटी जाऊ, लग्न होऊन आली आणि वर्षभरात माझ्याच टेबलाला लागली. आम्ही दोघी एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे राहतो. तिच्याकडे कूकरची शिट्टी झाली की मला कळतं आज डाळ की भात. माझी दोन्ही बाळंतपणं कारखान्यात लागायच्या आधीच उरकली होती, त्यामुळे मी माहेर कधी भोगलं नाही. धाकटीला मात्र बरीच वर्षं काही होत नव्हतं. दुसऱ्या बायका खुर्चीवर बसायच्या, उठायच्या, पोरं शाळेत जायला लागायची, आणि ही आपली उभीच. कोणी काही बोललं की मी त्यांना असं काही ऐकवायची की पुन्हा तोंड उघडायची सोय राहायची नाही. माझ्या जिभेला हाड नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे, पण धाकटीसाठी ती कामाला आली.

शेवटी तिला दिवस गेले. ती आक्काच्या कानाशी गेली तेव्हा आक्काला काय सांगते आहे हे तिच्या पाठीकडे बघूनच मला कळलं. आक्का त्या दिवशी नुसतं "माहेरी जा" म्हणाली नाही, स्वतः तिला हाताला धरून खुर्चीपर्यंत घेऊन गेली. पाटलीणबाईचा थाट होता हो. खिडकीतून वारा, कोपरापर्यंत हात तेलात, आणि मधूनच आमच्याकडे बघून उगाचच हसणं. उलट्या थांबल्या. तिला इतकं सुखात मी कधी पाहिलं नव्हतं, आणि आता वाटतं, पुढे कधी पाहणारही नाही.

मुलगा झाला. गोरागोमटा, ढब्बू मिरचीसारखा गुबगुबीत, म्हणून त्याचं नाव पडलं ढब्बू. पण नर्सनं त्याला पुसता पुसता मध्येच हात थांबवला आणि दुसरीला हाक मारली. लघवीची वाट टोकाला नव्हती, खालच्या बाजूला, जवळजवळ मुळाशी होती. एक गोटी खाली उतरलेली नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी असं होतं कधी कधी म्हणून सांगितलं, काळजी करू नका म्हणाले, ऑपरेशननं नीट होतं म्हणाले. काळजी करू नका हे वाक्य ज्याला काळजी करायची नसते तोच बोलू शकतो.

ऑपरेशनं झाली. पहिल्याला टाके उसवले आणि मधूनच गळायला लागलं, म्हणून दुसरं केलं. एवढंसं पोर, नळी लावलेली, हात पलंगाला बांधलेले, कारण सोडले की ते नळी ओढायचं. धाकटी त्याच्या पायाशी बसून राहायची. तिच्या नवऱ्यानं, माझ्या दिरानं, बाहेर कोणालाही खरं सांगायचं नाही असं बजावलं होतं. विचारलं तर हर्नियाचं ऑपरेशन म्हणायचं. आम्ही तसंच म्हणायचो. कारखान्यातही मी तसंच सांगितलं, आणि पॅकिंगवाली बाई पटकन म्हणाली की तिच्या मुलाचंही लहानपणी हर्नियाचंच झालं होतं. तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही.

ढब्बू चालायला लागला आणि धाकटीला पुन्हा दिवस गेले. या वेळी कोणालाच अपेक्षा नव्हती. ती नेहमीप्रमाणे आधी आक्काकडे गेली आणि खुर्चीवर बसली. ढब्बूच्या वेळचं जे झालं ते झालं, नशीब एकाच घरावर दोनदा रुसत नाही, असं मीच तिला म्हणाले होते.

चौथा महिना चालू असताना ढब्बूला तपासायला न्यायचं होतं. जुने डॉक्टर बदलून गेले होते, त्यांच्या जागी एक डॉक्टरीण आली होती. तरुण, बारीक, बोलायला सावकाश. तिनं ढब्बूला पाहिलं, टाके चांगले जमलेत म्हणाली, आणि धाकटीच्या पोटाकडे बघून विचारलं की तुम्ही काम काय करता. एवढ्या वर्षांत हा प्रश्न आम्हाला कुठल्याही दवाखान्यात कोणी विचारला नव्हता. धाकटी घाईघाईनं म्हणाली की मी काहीच धोक्याचं करत नाही, पहिल्या महिन्यापासून सोल्युशनपासून लांब बसवतात, नुसतं तेलाचं काम असतं, बसून. तिला वाटलं डॉक्टरीण खूश होईल.

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. कसलं तेल, हातमोजे असतात का, ट्रे गरम असतो का, जेवायच्या आधी हात कशानं धुता, असं एकेक विचारत गेली. मग तिनं समजावलं ते मला जेवढं कळलं तेवढं सांगते. प्लास्टिक मऊ करणारी काही तेलं अशी असतात की ती अंगात गेली की शरीराच्या आतल्या निरोपांत घोळ घालतात. मूल मुलगा असेल तर त्याचं शरीर मुलाचं घडवायचा निरोप दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जातो. त्याच वेळी तो निरोप अर्धवट पोचला तर घडण अर्धवट राहते. मागाहून पोचून उपयोग नाही.

"माझ्या मुलाचं त्यानंच झालं?" धाकटीनं विचारलं.

"एका मुलावरून मी तसं म्हणू शकत नाही. खोटं सांगणार नाही. त्यानं झालं असेल, नसेलही. पण उद्यापासून त्या टेबलावर बसू नका."

"आता उठले तर हे वाचेल ना?"

डॉक्टरणीनं खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग म्हणाली, "उठाच. पण जो काळ नाजूक असतो, तो तुमचा होऊन गेला आहे."

बाहेर येऊन धाकटी नळापाशी गेली आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायला लागली. मी नळ बंद केला तेव्हा तिनं तो पुन्हा उघडला. ढब्बू माझ्या कडेवर होता. त्याला तो खेळ वाटला आणि तोही पाण्यात हात घालायला झेपावला.

दुसऱ्या दिवशी मी आक्काला फाटकाबाहेर गाठलं आणि जे ऐकलं ते सगळं सांगितलं. हर्निया नव्हता हेही सांगितलं. आक्का आधी चिडली. म्हणाली, शिकलेल्या बाया येतात आणि गरिबाच्या तोंडचा घास कडू करून जातात, त्या खुर्चीनं किती पोरं वाचवली त्याचा हिशेब आहे का तिच्याकडे. मी म्हटलं, पोरं वाचली असतील, पण आक्का, ती कशी आहेत ते आपण कधी विचारलं का? पॅकिंगवालीच्या मुलाचं खरंच हर्नियाचं होतं का?

आक्काचा नातू आता शाळेत जातो. तिची लेकही आमच्याच टेबलावर होती आणि खुर्चीवर बसून उठली होती. तो पोरगा लघवीला मुलांच्या रांगेत उभा राहत नाही, दार लावून आत बसतो, म्हणून घरी सगळे त्याला राजेसाहेब म्हणतात. आक्काच हसत हसत आम्हाला सांगायची. तिचं तिलाच आठवलं. ती भिंतीला हात लावून उभी राहिली आणि तिचा चेहरा एका क्षणात दहा वर्षांनी म्हातारा झाला. मला तिची इतकी दया आली की मी केलं ते बरोबर केलं की नाही हेच कळेना.

त्याच दिवशी आक्कानं खुर्ची स्वतः उचलून पॅकिंगच्या बाजूला नेली. सुपरवायझर म्हणाला इथे जागा नाही. आक्का मालकाकडे गेली. मालकानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, खुर्ची तुम्हीच मागितली होती, आता तुम्हालाच नको, ठीक आहे. खुर्ची स्टोअरमध्ये गेली. तेलाला काही होत नाही, सगळीकडे हेच वापरतात, पण तुमच्या समाधानासाठी हातमोजे देतो, असंही तो म्हणाला. हातमोजे आले. पातळ, पारदर्शक, मऊसूत. पुढच्या खेपेला मी एक जोड डॉक्टरणीला दाखवायला नेला. तिनं तो बोटांत धरून ताणून पाहिला आणि म्हणाली की हेही बहुधा तशाच तेलानं मऊ केलेलं प्लास्टिक आहे. मी तिथेच हसत सुटले. रडण्यापेक्षा ते बरं दिसतं.

धाकटीनं काम सोडलं. ती घरी बसून पोटावर हात ठेवून दिवस ढकलायची. आणि आमच्या घरात एक उलटंच सुरू झालं. जिथे पहिल्या खेपेला सगळ्यांना मुलगा हवा होता, तिथे आता दीर, माझा नवरा, मी, सगळे मुलगी होऊ दे म्हणायला लागलो. मुलाचं जे बिघडतं ते मुलीला नसतंच, मग बिघडणार काय, असा आमचा हिशेब. दीर तर पोटाचा आकार बघून मुलगीच आहे असं शपथेवर सांगायचा. धाकटीही हळूहळू त्यावर विश्वास ठेवायला लागली. तिनं फुलाफुलांची कापडं आणली, झबली शिवली, आणि मी तिला एकदाही थांबवलं नाही.

मध्ये कारखान्यात एक नवी मुलगी पोटुशी राहिली. सोल्युशननं तिला उभं राहवेना. बायका माझ्यावर उलटल्या. तुझ्या त्या डॉक्टरणीनं खात्रीनं सांगितलं का, नाही ना, मग आमचं माहेर का मोडलंस, म्हणाल्या. आणि त्यांनीच सुपरवायझरच्या हातापाया पडून खुर्ची स्टोअरमधून परत आणली. मी त्या मुलीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिनं शहाण्यासारखं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कळतंय हो मावशी. पण ते होईल की नाही कोणाला माहीत. ही उलटी मात्र आत्ता होतेय." काम सोडणं तिला जमणार नव्हतं, आणि दुसरी जागा मी तिला काय माझ्या पदरातून काढून देणार होते? ती खुर्चीवर बसली. आक्का तेव्हा तिथेच होती. तिनं माहेरी जा म्हटलं नाही, नुसती मान दुसरीकडे वळवली आणि पट्टे मोजत राहिली.

धाकटीला मुलगीच झाली.

नर्सनं पुसलं, उलटं केलं, सुलटं केलं, वजन केलं आणि छान आहे म्हणाली. दीर दवाखान्याच्या जिन्यात बसून ढसाढसा रडला. मुलगी झाली म्हणून आनंदानं इतका रडणारा बाप मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यानं दारोदार गोड वाटलं. ज्यांना खरं माहीत नव्हतं त्यांना वाटलं, किती सुधारलेलं घर आहे. मीही दोन घास जास्त जेवले. इतके महिने छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं.

पण धाकटीच्या मनातली पाल चुकचुकायची थांबली नव्हती. ढब्बूला पुन्हा तपासायला न्यायची वेळ आली तेव्हा तिनं मुलीलाही सोबत घेतलं. मी म्हटलं, राहू दे तिला माझ्यापाशी, उगाच थंडीवाऱ्याची कशाला. तिनं ऐकलं नाही. ढब्बूचं पाहून झालं, सगळं ठीक होतं, आणि मग तिनं मुलीला टेबलावर ठेवून दुपटं सोडलं आणि डॉक्टरणीला म्हणाली, "हिला बघा."

डॉक्टरणीनं पाहिलं. बाहेरून सगळं व्यवस्थित आहे म्हणाली. एवढ्यावर आम्ही उठून आलो असतो तर बरं झालं असतं.

"आणि आतून?" धाकटीनं विचारलं.

त्या बाईनं खोटं बोलायला हवं होतं. मी मनातल्या मनात तिला विनवत होते की बोल, एकदा खोटं बोल, तुझं काय जातं. पण ती तशी नव्हती. तिनं सांगितलं की मुलींच्यात झालं असेल तर ते जन्मताना दिसत नाही. कधी वयात येताना काही दिसतं. कधी ती मोठी होऊन तिला मूल हवं असेल तेव्हा. कधीच काही होणार नाही असंही होऊ शकतं. आज करायची अशी कुठली तपासणी नाही. धाकटीनं विचारलं, हिला पुढे मूल होईल न होईल ते माझ्या पोटातच कसं ठरलं? तेव्हा डॉक्टरीण म्हणाली की मुलीची बीजं तिच्या आईच्या पोटातच तयार होतात, सगळी, पुढे नवी होत नाहीत.

ते मला जरा उशिरा समजलं. म्हणजे खुर्चीवर धाकटी बसली होती, तिच्या पोटात ही होती, आणि हिच्या पोटात हिची लेकरं. सगळ्यांचे हात एकदमच तेलात होते. आणि आम्ही म्हणत होतो मुलगी होऊ दे.

घरी आल्यावर धाकटीनं मुलीला मांडीवर घेतलं आणि खालून वरपर्यंत बघत बसली, बाजारात वस्तू पारखून घ्यावी तशी. ढब्बू तिच्या पाठीला लोंबकळत होता. मी म्हटलं, अगं, काही होणारही नाही, डॉक्टरीणच म्हणाली ना. माझ्या आवाजात जोर नव्हता हे मलाही ऐकू आलं.

"ढब्बूचं निदान दिसलं तरी, ताई," ती म्हणाली. "शिवता आलं. हिचं मी कुठे बघू?"

घरात, कारखान्यात, भांडणात कधी मी गप्प बसले नाही, आणि त्या दिवशी नुसती दुपट्यांच्या घड्या करत राहिले.

मुलगी आता कुशीवर वळते. भूक चांगली आहे, हसते, आपल्याला बघून हात उडवते. धाकटी रोज तिला न्हाऊ घालताना काखा, मान, पोट, मांड्यांच्या वळ्या, सगळं उलगडून उलगडून बघते. काही सापडत नाही. सापडत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बघते. भिंतीपलीकडून मला पाण्याचा आवाज येतो, मग तो थांबतो, आणि ती बघते आहे हे मला इकडे कळतं.